थरथरणारी दांडी

तारेचा एक वेढा. घाटातलं बर्फ. आरशावरून उतरवलेला चामडी ताईत. फुटलेलं इंजिन.

"आई, ही गाडी आहे, घोडं नव्हे. हिला कुणाची नजर लागणार?" असं हसत मेदेरनं निघायच्या आधी ताईत आईच्या हातात परत ठेवला. आईनं, बुरुलनं, मग तो गुपचूप बॉनेटखाली तारेनं बांधला. घाटाच्या चढावर इंजिन फुटलं आणि गाडी मागं घसरत दरीत गेली. मेदेर इस्पितळात आहे, अजून शुद्धीवर आलेला नाही.

ओढून आणलेल्या गाडीपाशी गॅरेजवाला कुरमान तिला समजावत होता. "बुरुलआपा, दाब फार झाला की ही दांडी इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोची झडप उघडते. धूर बाजूनं निसटतो, मग टर्बो जरा दमानं घेतो. ही तर कुणीतरी तारेनं करकचून आवळलीय! दाब चढतच गेला. कोण मेला वैरी टपला होता पोरावर?"

तारेला थोडं जळकं चामडं चिकटलं होतं. बुरुलनं ते मुठीत झाकलं.

 

चालू इंजिनात तेवढी एकच दांडी तिला भ्यायल्यासारखी थरथरताना दिसली होती.