खांद्यावरची फुलं

मीरासाहेबांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, मग हात लांबवून धरला. सहा जण ओळीत उभे, गळ्यात ढोल, अंगात पितळी बटणांचे कोट. भर लग्नसराईत शिलाईचं मशीन थांबवून फोटो बघत बसणं त्यांना परवडणारं नव्हतं. पण कुरुळीहून उन्हातान्हात बैलगाडीनं चिंचवडला आलेल्या माणसांना उद्या या कसं म्हणायचं?

“डावीकडनं तिसरा आमचा भैरूदादा,” मालोजी म्हणाला. “चाकणच्या बाजारात एक जण जुन्या फोटोंच्या चौकटी विकत हुता, त्यातल्या एकीत घावला. पलटण कंची अन् साल कंचं, तेवढं सांगा.”

त्याची वहिनी शालनबाई उंबऱ्यापाशीच थांबली होती. कपाळावर कुंकू ठसठशीत होतं, बाकी चेहरा पार उतरलेला.

“सोमवारी बारा वर्षं भरत्यात,” मालोजीनं पुढं सांगितलं. “मधी कुनाला दिसला नसंल, तरच पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी द्यायचा, असं भटजी म्हनतो. फोटो मागाहून काढलेला निघाला तर समदं ऱ्हातंय.”

भैरू त्रेचाळीस साली पलटणीत ढोल वाजवायला म्हणून घरातून निघाला, तो गेलाच. ना पत्र, ना निरोप. लढाई संपली, स्वराज्य आलं, गावचे इतर शिपाई परत येऊन शेतीलाही लागले. तो ब्रह्मदेशात खपला असणार, असं गावानं धरून चाललं होतं.

मीरासाहेबांनी तीस वर्षं खडकीच्या छावणीत पलटणींच्या बँडचे कोट शिवले होते. माणसं त्यांच्या ध्यानात राहत नसत, कोट राहत. नुसती कॉलर बघून ते पलटण सांगत, आणि त्याची त्यांना घमेंडही होती. म्हातारपणी माणसाला एखादी घमेंड असू द्यावी. आता मात्र त्यांची नजर कॉलरवरून सरकून खांद्यांवर अडकली.

“बैलांना पाणी दाखवून ये जा,” ते मालोजीला म्हणाले. “मागच्या अंगाला हौद हाय.”

तो गेल्यावर त्यांनी शालनबाईला जवळ बोलावलं.

“बाई, ही पलटण न्हाई. हा तळेगावचा लग्नातला बँड हाय. लढाईनंतर छावणीनं जुने कोट लिलावात काढले. खांद्यावरचे बिल्ले उपटून घेतले, तिथं भोकं पडली. बँडवाल्यानं ते कोट माझ्याकडं आणले, अन् मी भोकांवर मखमलीची फुलं शिवली. ही बघ. फौजेत कोण फुलं लावतंय?”

“कवाची गोष्ट?”

“स्वराज्यानंतरची दुसरी दिवाळी. म्हंजे तोवर तरी तुझा मालक जिता हुता. कुंकू पुसू नकोस, पोरी.”

आपण चांगली बातमी दिली, असं त्यांना वाटलं. म्हणून ते जरा हसलेही. शालनबाई फोटोकडे बघत राहिली. तिला राग यायला हवा होता, पण तेवढंसुद्धा त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

“तळेगावापतुर आला,” ती म्हणाली, “अन् कुरुळीला आला न्हाई.”

मीरासाहेबांचं हसू मावळलं.

“मंग आता बारा वर्षं त्या दिवाळीपासनं धरायची? म्हंजी आजून पाच.” तिनं बोटं मिटली. “चाचा, सासूबाई बारा वर्षं दाराला कडी लावू देत न्हाईत. भैरू आला अन् दार बंद बघून माघारी गेला तर, म्हनत्यात. कुत्रं जरी दाराला घासलं तरी मी उठून बसते. त्याला यायचं असतं तर आला असता. तुमी कोट वळखायला कवा चुकत न्हाई म्हनत्यात. आज चुका.”

मीरासाहेब उभ्या आयुष्यात थोडंफार खोटं बोलले असतील, पण कोटाबद्दल कधीच नाही. बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज जवळ आला. शालनबाईनं हात जोडले नाहीत की डोळ्याला पदर लावला नाही, ती नुसती वाट बघत उभी राहिली. वाट बघायची तिला सवयच झाली होती.

मालोजी हात पुसत आत आला. “कळलं का काय?”

“पलटणीचाच बँड हाय,” मीरासाहेब म्हणाले. “त्रेचाळीसचा. त्याच साली समदे ब्रह्मदेशाला गेले.”

“माघारी?”

“कुनी न्हाई.”

एवढं सांगायची गरज नव्हती. पण खोट्याला शिवण दुहेरी घालावी लागते, हे शिंप्याला कोणी शिकवायला नको. ते फोटोकडे न बघता मशीनवर जाऊन बसले.

मालोजीनं पागोटं उतरवलं आणि फोटो कपाळाला लावला. त्याचे डोळे भरून आले होते.

“वैनी,” तो म्हणाला, “जित्या मानसासाठी रडू नये, म्हून बारा वर्षं समद्यांनी तुला थोपवलं. आता रड. आता चालतंय.”

शालनबाई उंबऱ्यापाशी जाऊन खाली बसली.

“उद्या रडते,” ती म्हणाली. “आज लई दमले.”