पँटचा खिसा

आजाराचं नाव कुणाच्याही दारात काढायचं नाही, हा एकाच आजाराच्या सहा जणांच्या गटाचा नियम. या खेपेला दवाखान्यातून सगळ्यांच्या गोळ्या आणायची पाळी शिंपीणबाईंची होती. गटातला, पाय मोडून पडलेला ड्रायव्हर दोन बैठकांना फिरकलाच नव्हता, म्हणून त्याच्या गोळ्या एका पँटच्या खिशात शिवून बाई थेट त्याच्या घरी गेल्या.

"तुमच्या मिस्टरांची पँट शिवायला आली होती."

त्याच्या बायकोने दारातच खिसा चाचपला. शिंपीणबाईंनी पँट परत घ्यायला घाईने हात पुढे केला.

"गोळ्या ना?" आतल्या खोलीकडे बघत ती कुजबुजली. "बरं झालं बाई, आणल्यात. महिनाभर त्यांच्या डबीत गुपचूप माझ्या गोळ्यांतल्याच टाकतेय. त्यांना वाटतं, हा आजार घरात त्यांना एकट्यालाच आहे."