सुई चालू आहे

मावशीच्या बोटातून सुई आरपार गेली तेव्हा पहिली किंकाळी मावशीची नव्हती, मशीनची होती. ट्यँ, ट्यँ, ट्यँ. डोक्यावरचा हिरवा दिवा लाल झाला. आणि मावशीने बोटाकडे बघायच्या आधी दिव्याकडे बघितलं.

शेजारच्या मशीनवरची मिरची ताडकन उठली. हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण नाकावर राग आणि जिभेवर तिखट घेऊन आलेल्या पोरीला शिवणखात्यातल्या बायकांनी दुसरं काय म्हणायचं?

"मिरचे, तू बस," मावशी दात आवळून म्हणाली. "उठलीस तर तुझाही लाल होईल."

"होऊ दे."

खात्यातला रिवाज जुना होता. सुई बोटात रुतली, की जिचं बोट तिने चाकाला हात लावायचा नाही. भीतीने हात भलतीकडे फिरतो आणि सुई आतच मोडते. चाक शेजारणीने फिरवायचं, उलटं, हळूहळू, झोपलेल्या बाळाच्या मानेखालून हात काढावा तसं. मिरची नवी होती तेव्हा तिच्या बोटातली सुई मावशीनेच काढली होती. वर डोक्यात टपली मारून म्हणाली होती, झालीस हो आता शिंपीण.

मिरचीने चाक फिरवलं. सुई वर आली, पण टोकाशी तुटलेली. शिवायला घेतलेल्या गणवेशाच्या पांढऱ्या कॉलरवर रक्त पसरलं. तेवढ्यात मिरचीच्या रिकाम्या जागेवरचा दिवाही लाल होऊन बोंबलायला लागला.

दोन दिवे लाल म्हटल्यावर सुपरवायझर काचेच्या केबिनमधून पळतच आला. त्याला सगळ्या भोंगा म्हणत, कारण वाजायचा तो, पण हवा मालकाची. मशिनं इंटरनेटला जोडल्यापासून मालक दूरच्या शहरात चहा पिता पिता फोनवर बघायचा, कोणाची सुई चालतेय आणि कोणाची थांबलीय. ज्या दिव्याला लाल व्हायची सवय, ती जागा दुसरीला, असा नवा नियम निघाला होता. बायका पाणी कमी प्यायला शिकल्या होत्या. मावशीची नजर अधू झालेली, दोरा ओवायला तिला वेळ लागायचा. तिचा दिवा आधीच बदनाम होता.

दोन्हींपैकी एक तरी मशीन आधी चालू करा, भोंगा म्हणाला. मिरचीने त्याला सुई दाखवली. टोक बोटात राहिलंय, मावशीला घेरी येतेय, दवाखान्यात न्यायला हवं. भोंग्याने स्वतःच्या मनगटावरच्या पट्ट्याकडे बघितलं. तो जास्त वेळ बसला की पट्टा थरथरायचा. मालकाने त्यालाही सोडलं नव्हतं. मावशी जाऊ दे, तो म्हणाला, पण एकटी. एक लाल मी निभावून नेईन, दोन नाही.

"आणि जिन्यात कोसळली तर?"

"मी काय करू? सुई थांबली की लाल, एवढंच वर दिसतं. मशीनला बोटबीट कळत नाही."

मिरचीच्या कानशिलातून वाफ निघायची तेवढी बाकी होती. तोंडावर आलेली शिवी तिने गिळली. मग तिची नजर मावशीच्या मशीनवर गेली आणि ती एकदम गप्प झाली. मिरची गप्प झाली की खात्यातल्या बायका धास्तावतात.

"बोट कळत नाही," ती म्हणाली. "मग कापड तरी कुठे कळतंय?"

तिने रक्ताळलेली कॉलर बाजूला काढली. नवी सुई बसवली. दोरा काढून टाकला, कापड दाबणारा पाय उचलून ठेवला. मग टेबलाखालून मावशीचा जेवणाचा डबा ओढला आणि पेडलवर ठेवला. जेवणाची सुट्टी व्हायची होती, डबा भरलेला होता, चांगला जड; पेडलवर भार जितका जास्त, तितकी सुई जोरात. सुई खडखडत हवेत टाके घालायला लागली. दिवा हिरवा.

मग तिने आपल्या पेडलवर आपला डबा ठेवला. तोही हिरवा.

दवाखान्यात न्यायला एकटी मिरची पुरली असती. पण समोरची बाई उठली, तिने दोरा काढला आणि डबा खाली ठेवला. मग तिच्या पलीकडची. मग अख्खी रांग. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. भोंगा अहो, अहो करत या टेबलाकडून त्या टेबलाकडे धावत राहिला, पण कुठल्याही डब्याला हात लावायची त्याची छाती झाली नाही. उचलला की लाल.

मावशीला मधे धरून सगळ्या जिन्याशी पोचल्या, तोच भोंग्याचा फोन वाजला. मशिनांच्या गोंगाटात ऐकू यावं म्हणून तो नेहमीच स्पीकर लावायचा. आजही सवयीने लावला.

मालक खुशीत होता. मघाशी दोन लाल होते, म्हणाला, आता बघ, एकजात हिरवे. धाक असला की बायका कशा मान मोडून काम करतात! "आता जरा वेग वाढव."

भोंग्याने रिकाम्या स्टुलांकडे बघितलं. मावशीच्या रुमालातून रक्ताचा थेंब पायरीवर पडला.

खालच्या पायरीवरून मिरची ओरडली, "सांगा की साहेबांना, वाढवतो म्हणून. माझ्या डब्यावर तुमचाही ठेवा."