शांत परिसर

कागद नसलेल्या परदेशी लोकांना कोंडायचं ते केंद्र तिथे आधीपासूनच होतं. समोरचा टॉवर नंतर आला. तिचा नवरा केंद्रात तिसऱ्या मजल्यावर होता. रोज दुपारी इतर कैद्यांच्या बायकांसोबत ती फुटपाथवरून त्याला हाक मारायची आणि तो गजांतून हात हलवायचा. टॉवरच्या सेक्रेटरीने तक्रार केली, "या बायकांच्या बोंबलण्याने फ्लॅटचे भाव पडतात." फुटपाथवर उभं राहायलाच बंदी आली.

महिन्याभरात ती त्याच सेक्रेटरीच्या घरी झाडू-फरशीला लागली. त्याने ओळखलं नाही. तक्रार करताना तिच्या तोंडाकडे पाहिलं होतं कुणी? ती फरशी पुसत राहिली.

एक दिवस तो म्हणाला, "उद्या दुपारी फ्लॅट बघायला गिऱ्हाईक येतंय. घर चकाचक ठेव."

तिने ठेवलं.

"इथली शांतता बघा," म्हणत त्याने गिऱ्हाइकासमोर पडदा बाजूला करून बाल्कनीचं दार सरकवलं. त्याच क्षणी कठड्याशी ओळीने उभ्या असलेल्या अकरा बायकांनी समोरच्या गजांकडे बघत जिवाच्या आकांताने आपापल्या नवऱ्याला हाक मारली.

 

"फुटपाथवर बंदी आहे ना साहेब," फडकं पिळत ती म्हणाली, "म्हणून सगळ्यांना वर घेऊन आले."