वरचा आवाज

रेणापूरच्या आप्पासाहेबांनी दुरुस्तीला दिलेल्या महागड्या स्पीकरला गुलाम रसूलनं घरी बसून दोन अ‍ॅम्प्लिफायर जोडले. एक खालच्या जाड आवाजाला, एक वरच्या बारीक आवाजाला. तपासायला खालचा बंद केला, तर वरून काहीच ऐकू येईना. स्पीकरमागं दोन्ही आवाजांच्या जोडण्या एकमेकींना जोडणाऱ्या पितळी पट्ट्या काढायच्या राहिल्या असतील तर अ‍ॅम्प्लिफायर जळालाच! खिसा चाचपला. पट्ट्या खिशातच होत्या. मग त्यानं आवाज वाढवला. आणखी वाढवला. तरी काहीच नाही. चाळीस वर्षं नांदेडात नुसत्या कानानं रेडिओ-स्पीकरचा बिघाड ओळखणारा माणूस स्पीकरला कान लावून बसला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून लेक सुमय्या दोन्ही कान दाबून धावत आली.

"अब्बा, कमी करा की! कानात सुया टोचून राहिल्यात!"