पातळ भिंती

"उजेड आहे, लिफ्ट आहे, पण भिंती पातळ. शेजारी शिंकला तरी इकडे कळतं," नवा फ्लॅट बघताना नवरा कुरकुरला. तिने मनात घर तिथेच पक्कं केलं. जुन्या घराच्या भिंती हातभर जाड. तिथे त्याने तिचं मनगट मोडलं, तेव्हाची किंकाळी कुणाच्याच कानावर गेली नव्हती. आपण नाही म्हटलं की हा हटकून हो म्हणतो, हे तिला पाठ होतं.

"मला नाही बाई आवडलं," ती म्हणाली.

"तुला काय कळतंय," म्हणत त्याने घर घेऊन टाकलं.

राहायला आल्या दिवशीच त्याने तिचं डोकं भिंतीवर आपटलं. ती जिवाच्या आकांताने ओरडली आणि लगेच दार वाजलं.



दारात शेजारीण होती. "भाऊजी, जरा हळू मारा ना. आमच्या बाळाचा आत्ताच डोळा लागलाय."