मागच्या खोलीचा स्लॅब

"दाजी, फाटकाशी कुणीतरी आलंय," मेहुणा खिडकीतून मान आत घेत म्हणाला. "भिंगच असणार."

मुकादमाने हातातली थापी खाली ठेवली.

ठेकेदारीचं लायसन देण्याआधी सरकारी ऑफिसातून तपासणीला येत. तिथल्या साहेबाला सगळे ठेकेदार भिंग म्हणत. मुकादमाने त्याला कधी पाहिलं नव्हतं, नुसतं ऐकलं होतं. एकाची भिंत त्याने म्हणे बोटाने टकटक करूनच नापास केली होती.

अर्धं आयुष्य मुकादमाने दुसऱ्याच्या लायसनवर घरं बांधली. घाम आपला, पाटी दुसऱ्याची. हे घर त्याच्या परीक्षेचं होतं: पास झालं तर लायसन त्याच्या स्वतःच्या नावावर. मालक लांब, परगावी. बोलणं काय ते फोनवर.

"आणि तो कोपरा?" त्याने हळूच विचारलं.

"त्याचं काय? वरून सिमेंटचा हात मारलाय. देवालासुद्धा दिसायचं नाही."

मागच्या खोलीचा स्लॅब टाकताना मिक्सर मध्येच बंद पडला होता. तो सुरू होईपर्यंत आधी टाकलेला माल आवळून घट्ट झाला. राहिलेला कोपरा नंतर भरला. नव्याने जुन्याला धरलंय की नाही, हे खालचे टेकू काढल्यावरच कळणार होतं. 

आलेला माणूस उंच, पिकल्या केसांचा होता. आत सगळी सिमेंटची धूळ, तरी त्याने चपला बाहेर काढल्या.

"या साहेब. सकाळपासून तुमचीच वाट बघतोय."

"माझी?"

"मग! तुम्ही बघितल्याशिवाय पुढे कसं जाणार?"

माणसाने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. "तेही खरंच," तो म्हणाला.

दारातल्या पायऱ्या चढताना तो थांबला. "या पायऱ्या उंच झाल्यात."

"नियमात बसतात, साहेब."

"गुडघ्यांना नियम कळत नाहीत."

मेहुणा हसणार होता, मुकादमाने डोळे वटारले.

माणूस सावकाश मागच्या खोलीत गेला. खिडकीतून ऊन कुठवर येतं ते त्याने विचारलं. मग भिंतीला हात लावून म्हणाला, "अंधारात उठलं, तर धरायचं कशाला?"

मुकादम गडबडला. असला प्रश्न कुणीच सांगितला नव्हता. "इथे... इथे दांडा लावू, साहेब."

"लावा. आणि हे टेकू कधी निघणार?"

"मुदत झालीय. तुमच्यासमोर काढावेत म्हणून ठेवले होते."

"मग काढा की."

मुकादमाने हातोडी उचलली. मधला टेकू निघाला. दुसरा निघाला. स्लॅब गप्प होता. प्रत्येक ठोक्याला मुकादमाचे कान वर लागत होते. आता कोपऱ्यातले तेवढे राहिले.

माणूस नेमका तिथेच जाऊन उभा राहिला. भिंतीला टेकून, अगदी ऐसपैस.

"साहेब, जरा बाहेर थांबता का?"

"का? इथे छान वारा येतोय. तुम्ही काढा."

मेहुण्याने मागून सदरा ओढला. "दाजी, मारा ना. काही होत नाही."

मुकादमाने हातोडी वर नेली. पण ठोका मारला नाही. वर जुन्या-नव्या मालामधली ती न दिसणारी रेघ त्याला डोळे मिटूनही दिसत होती. खाली ते पांढरं डोकं.

"साहेब, आधी तिथून बाजूला व्हा!" तो एकदम ओरडला.

"झालं काय?"

"मला या कोपऱ्याचा भरवसा नाही." एकदा तोंड उघडल्यावर त्याने सगळंच सांगून टाकलं: मिक्सर, आवळलेला माल, वरून मारलेला हात. मेहुण्याने कपाळावर हात मारून घेतला.

माणूस दोन पावलं पुढे आला आणि वर बघत राहिला. "आणि मी इथे उभा राहिलो नसतो तर?"

"काढले असते बहुतेक. खोटं कशाला बोलू? जीव मुठीत धरून, पण काढले असते."

"आता काय करणार?"

"काढलेले टेकू परत लावतो. सगळा स्लॅब फोडून नवा टाकतो. लायसन गेलं तर गेलं. घरी काय तोंड दाखवायचं ते बघू."

तो खाली बसला आणि काढलेला टेकू उभा करू लागला. एकट्याला तो आवरेना. माणसाने टेकूचं दुसरं टोक धरलं.

"मुकादम कोण?"

दारात एक बाई उभ्या होत्या. डोक्यावर हेल्मेट, गळ्यात ओळखपत्र. "मी लायसन ऑफिसातून आलेय. साहेब रजेवर आहेत, त्यांच्या जागी आज मी. टेकू अजून काढले नाहीत?"

मुकादमाच्या हातातला टेकू तसाच राहिला. त्याने बाईंकडे पाहिलं, मग शेजारच्या माणसाकडे.

"काढणारही नाही तो," माणूस म्हणाला. "स्लॅब स्वतःहून फोडतोय. लायसन त्यालाच द्या, बाई. मी मालकाचा बाप आहे, या खोलीत झोपणार मी आहे."